वाघखोलचा निशाणदार

रावजी आणि श्रीपती एकाच एस.टी.ने रत्नागिरीला आले, पण बरोबर आले असं म्हणायची सोय नव्हती. एकजण ड्रायव्हरच्या मागे बसला होता, दुसरा पार शेवटच्या बाकावर धक्के खात. स्टँडवर उतरल्यावर एक रस्त्याच्या या कडेने चालू लागला, दुसरा त्या कडेने, आणि सुमेधाच्या घराच्या फाटकाला दोघांचे हात एकदमच लागले. तिथे घोडं अडलं. आधी आत कोण जाणार?

सुमेधा पडवीत बसून शाळेतल्या मुलींची परीक्षेची चित्रं तपासत होती. पन्नाशीला आलेले दोन पुरुष फाटक धरून एकमेकांकडे डोळे वटारून उभे, एकाच्या हातात ओल्या काजूगरांची पुडी, दुसऱ्याच्या हातात आमसुलांची. हे तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "या ना, आत या." दोघांनीही पाय उचलला नाही. अखेर शेजाऱ्यांची गाय दोघांच्या मधून आरामात आत शिरली आणि अबोलीच्या वाफ्याकडे निघाली, तेव्हा तिला हाकलायच्या निमित्ताने दोघे एकदम धावले. गाईचे उपकार म्हणायचे, नाहीतर ते आजही तिथेच उभे असते.

"बाई, आमी वाघखोलचे," पाणी पिऊन रावजी म्हणाला. "तुमच्या वडलांनी, हरिहर मास्तरांनी, आमच्या देवळाच्या भिंतीवर लढाई काडलीय. ती आता पुसायची हाय."

"पुसायची म्हणजे?" सुमेधाच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"चुना मारायचा," श्रीपतीने खुलासा केला. दोन वर्षांत या दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती.

आता हे प्रकरण काय ते नीट सांगितलं पाहिजे, कारण वाघखोलकरांना विचाराल तर ते देवाच्या जन्मापासून सुरुवात करतील. वाघखोल हे जयगडच्या खाडीकाठचं गाव. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये देऊळ. कोणे एके काळी टोपीकर गोरे होड्या घेऊन खाडीतून वर आले आणि गावाने त्यांना झोडपून परत पाठवलं, अशी गावाची गोष्ट. त्या लढाईत सगळ्यांच्या पुढे निशाण घेऊन जो धावला तो निशाणदार. शिमग्याला देवाची पालखी बाहेर पडते तेव्हा पहिला खांदा द्यायचा मान त्या निशाणदाराच्या घराचा. पण तो कुठल्या घरातला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक असणार, पण तो बोलत नाही.

पूर्वी याचं काही अडत नव्हतं. गावचा मानकरी म्हातारा गावकर हातातली काठी उगारायचा, यंदा तू, आणि पुढच्या वर्षी तू, की संपलं. बाप्ये, म्हणजे पुरुषमाणसं, सगळे मुंबईला गिरणीत. शिमग्याला चार दिवस यायचे, पालखी नाचवायची, वडेसागोती हाणायची आणि परतीची गाडी गाठायची. भांडायला वेळ होता कुणाला? मग गिरण्यांचा संप झाला. निम्मे बाप्ये गावी परतले ते कायमचेच, आणि वेळच वेळ झाला. त्यात म्हातारा गावकर गेला. लगेच वरच्या वाडीचा पुढारी रावजी म्हणाला निशाणदार आमचा, आणि खालच्या वाडीचा श्रीपती म्हणाला तुझ्या बापाचा का? गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने सभा घेतली आणि चहा-बिस्किटं खाऊन ठराव केला की पुरावा देवळाच्या भिंतीवरच आहे, तो बघून ठरवावं.

आहे की नाही कमाल? भिंतीवरचं चित्र काढून तीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. लढाई होऊन तीनशे. पण एकदा का चित्रापुढे उदबत्ती लावायला लागले, नारळ ठेवायला लागले, की मग ते कुणी काढलं, कधी काढलं, हे विचारतो कोण! प्रत्येक घराने भिंतीवर आपापला पूर्वज हेरून ठेवला होता. "तो तोफेवरचा आमचा खापरपणजा, नाक बगा." आणि खरोखरच नाकं जुळत होती, त्यामुळे बोलणंच खुंटायचं. फक्त निशाणदारावर दोघांचा दावा. श्रीपती म्हणे चेहरा आमच्या घराण्याचा, ही हनुवटीची खळी बघा, माझी बघा. रावजी म्हणे पागोटं आमच्या घरचं, आणि ते लाल उपरणं तर अजून आमच्या ट्रंकेत आहे, आणून दाखवू? दाखवलंही. दोन शिमगे झाले, देव देवळात बसून राहिला. शेवटी कुणीतरी चिडून म्हणालं, ना तुझां ना माझां, मारा चुना. आणि दोघेही हो म्हणाले. तेवढ्यात एका शहाण्याने सुचवलं की मास्तरांची लेक रत्नागिरीत चित्रकलेची बाई आहे, तिला एकदा दाखवू. तिने निकाल दिला तर ठीक, नाहीतर रविवारी देवळाचा रघू गुरव भिंत पांढरी करेल.

"पण बाई, खरां काय ता बगून सांगा," काजूगर पुढे सरकवत रावजी म्हणाला.

"तेच सांगतो मी," आमसुलं पुढे सरकवत श्रीपती म्हणाला.

ते गेल्यावर सुमेधा तशीच बसून राहिली. वडिलांना जाऊन दहा वर्षं झाली होती. आयुष्यभर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, ते वाळवीने खाल्ले. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्या दुकानदारांनी बदलल्या. घरात त्यांच्या हातचं म्हणून काही उरलं होतं ते एक गणपतीचं चौरंगाएवढं चित्र, आणि त्यातला उंदीरच काय तो बरा जमला होता. बाकी सगळे हरिहर मास्तर त्या वाघखोलच्या भिंतीवर होते. ती भिंत सुमेधाने एकदाच पाहिली होती, बापाच्या खांद्यावर बसून, आणि तिला फक्त निळा रंग आठवत होता. आज बघू, उद्या बघू करत राहून गेलं होतं. आता रविवारी रघू गुरव तीच भिंत पुसणार होता. तिला रडू आलं, मग रागही आला, मग तिने काजूगरांची उसळ टाकली, कारण काजूगर ताजे होते.

रविवारी सकाळच्या गाडीने ती वाघखोलला पोचली. देवळात झाडून सगळा गाव जमला होता. वरची वाडी उजवीकडे, खालची वाडी डावीकडे, बायका मागच्या खांबांशी. कोपऱ्यात पिंपात चुना भिजत पडला होता, आणि त्याच्याजवळ रघू गुरव कुंचला घेऊन असा बसला होता की आताच सांगा, आताच मारतो.

सुमेधाने भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. बाबांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खाडी ओतली होती. खाली टोपीकरांच्या होड्या उलटत होत्या, वर जांभ्याच्या कड्यावरून गाव धावत उतरत होता, आणि मधोमध लाल उपरण्याचा तो निशाणदार, एक पाय पुढे, भगवं निशाण दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

तिने काठी मागून घेतली आणि वर्गात शिकवते तसं सुरू केलं. बाईंचा एक स्वभाव होता, काठी हातात आली की भीती पळायची.

"हे बघा. चित्र बघताना डोळा आधी कुठे जातो? खालच्या निळ्यातून वर येतो. हे भाले बघा, सगळे तिरके, सगळे एकाच बाजूला कललेले. डोळा भाल्यांवरून चढत जातो आणि निशाणदारावर थांबतो. अख्ख्या भिंतीवर भडक लाल फक्त त्याच्याच अंगावर. बाकी सगळीकडे माती, शेवाळ, पाणी. म्हणजे चित्रकाराला सांगायचंय की बाबांनो, हा बघा."

"ता आमाला बी म्हायती हाय," डावीकडून आवाज आला. "कोनाचा ता सांगा."

"गप रे! बाई भाल्यावरून येतायत, निशानापर्यंत पोचू दे की."

सुमेधा पुढे सरकली. एक भालेकरी तिला खटकला. भाला उभा धरून तो मान वर करून आकाशात बघत होता. समोर शत्रू, आणि हा वर काय बघतोय?

"तो देवीला हाक मारतोय," रावजीने ताबडतोब सांगितलं. "आमचा चुलतपणजा. मोठा भगत व्हता."

मागे खांबाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. सुमेधाने वळून पाहिलं तर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून देवासारख्या गंभीर बसलेल्या.

तिने टोपीकरांकडे काठी वळवली. आणि तिथे तिची काठी हवेतच राहिली. पळणारा टोपीकर, बुडणारा टोपीकर, गुडघे टेकून गयावया करणारा टोपीकर, प्रत्येकाची तलवार डाव्या हातात. एकूण एक डावखुरे! असं सैन्य कुणी बघितलंय का? तिने एकाचा चेहरा जवळून पाहिला. लांब नाक, जाड भुवया, उजवी भुवई किंचित वर चढलेली. दुसऱ्याचा पाहिला. तेच नाक. तिसऱ्याचं तेच. तिला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते बाबांचं नाक होतं. बाबा आरशासमोर उभे राहून स्वतःलाच रंगवत होते, आणि आरशात उजवा हात डावा दिसतो.

मग तिला घरातली एक जुनी गोष्ट आठवली. ती लहान असताना बाबा चार महिने वाघखोलला राहिले आणि परत आले ते मिशी उतरवून. मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. आजोबा तर ओटीवर सुपारी कातरत बसलेले, धडधाकट! आजीने मुलाला दारातच अडवून असं फैलावर घेतलं, की आळीभर ऐकू गेलं. मिशी का काढलीस ते बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता कळलं. टोपीकराला मिशी नको होती.

पण मग दुसरी गोष्टही तिच्या डोक्यात शिरली. बाबांना टोपीकरांसाठी स्वतःलाच उभं करावं लागलं, कारण गावात दुसरा बाप्या नव्हता. बाप्ये मुंबईला होते. उरले ते काठी टेकणारे म्हातारे. मग हे एवढे भरदार दंडांचे, पोटऱ्यांचे लढवय्ये बाबांनी आणले कुठून?

तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि या वेळी तिला लढाई दिसेचना. तो आकाशात बघणारा भगत आकडीने शेवग्याच्या शेंगा पाडत होता. दोन्ही हातांनी तलवार सरळ वर उचलणारा वीर भात कांडत होता, तलवार म्हणजे मुसळ. गाल फुगवून रणशिंग फुंकणारा चुलीत फुंकणी घालून बसला होता. तिने पटकन रुमाल ओला केला, निशाणदाराच्या पायावरची समईची काजळी पुसली आणि खाली वाकून पाहिलं. पुढे टाकलेल्या त्या शूर पावलाच्या बोटात जोडवं होतं. बाबा पुसायला विसरले होते, किंवा विसरले नव्हते.

मागची फिसफिस एकदम थांबली. एक सावळी, उंच बाई झपाझप पुढे आली. "बाई उन्हातून आल्यायत, घसा सुकला असंल. चला, पानी देते," म्हणत तिने सुमेधाचा हात धरला आणि देवळामागच्या विहिरीवर नेलं. ही तुळसा. रावजीची बायको आणि श्रीपतीची सख्खी बहीण. म्हणजे या भांडणाचा खरा भुर्दंड तिच्याच माथी. नवरा म्हणे माहेरच्या दारात पाऊल टाकायचं नाही, भाऊ म्हणे त्यांच्या दारी बोलावणं धाडणार नाही. दोन दिवाळ्या भाऊबिजेचं ताट तसंच राहिलं होतं.

"काय दिसलां?" तिने विहिरीवर विचारलं.

"जोडवं," सुमेधा म्हणाली.

तुळसाने कपाळावर हात मारला. "मी तवाच मास्तरांना सांगितलां व्हतां, ता काडा म्हनून! माला म्हनले, ऱ्हाऊ दे गो पोरी, कोन बघतोय पायाकडं." आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं. नुकतं लग्न झालेलं, नवरा मुंबईला. मास्तर देवळात कोळसा घेऊन बसलेले, समोर उभा राहायला माणूस नाही. सासूनेच सांगितलं, देवाचं काम आहे, जा. सासऱ्याचं पागोटं आणि उपरणं चढवून, हातात केळीच्या घडाला टेकू देतात तो बांबू घेऊन ती रोज उभी राहायची. मग इतर बायकाही आल्या. मास्तर प्रत्येकीला म्हणायचे, तू नेहमीचं काम करतेस तशीच उभी राहा, मिशी मी लावतो. शिमग्याला बाप्ये आले, भिंत बघून त्यांनी हात जोडले, आणि बायकांनी तिथेच शपथ घेतली की सांगायचं नाही. तेव्हापासून दर शिमग्याला बाप्ये त्या भिंतीपुढे लोटांगण घालतात आणि बायका पदरात हसतात. गावात एवढी करमणूक दुसरी कुठली?

"सांगू नको गो बाई," तुळसा म्हणाली. "घरधनी मरंल लाजंनं."

"नाही सांगितलं तर चुना मारतील. माझे बाबा जातील, काकी. माझ्याकडे त्यांचं दुसरं काही नाही."

तुळसाचं हसू मावळलं. तिने कळशी खाली ठेवली. "आनि आमी तरी आनखी कुठं हाव? ती शिंग फुकनारी, ती सखू. रघूची आय. दोन सालांमागं गेली. तिचा फोटू न्हाय कुठं. बाप्यांनी मुंबईत फोटू काडले, आमचे कोन काडनार? हितंच काय ती हाय." तिने पदर खोचला. "चल. तू तुज्या इद्येचां सांग. फुडचां माजां मी बगते."

सभामंडपात दोघे मेहुणे मांडी घालून निकालाची वाट बघत होते. सुमेधा भिंतीसमोर उभी राहिली. तिने काठी पुन्हा हातात घेतली.

"मी चित्र नीट पाहिलं. श्रीपतीभाऊ म्हणतात चेहरा त्यांच्या घराण्याचा. खरं आहे. ही हनुवटीची खळी त्यांचीच."

डावीकडे जल्लोष झाला. एकाने तर ढोलावर थाप मारली.

"रावजीभाऊ म्हणतात पागोटं आणि उपरणं त्यांच्या घरचं. तेही खरं आहे."

उजवीकडे जल्लोष झाला आणि अर्ध्यावरच विरला. "ह्यां कसां व्हईल?" रावजी म्हणाला. "मानूस त्यांचा नि पागोटां आमचां? आमचा पूर्वज काय उघड्या डोक्यान् लढला?"

"असं एकच माणूस असू शकतं," सुमेधा म्हणाली, "जे जन्मलं खालच्या वाडीत आणि राहिलं वरच्या वाडीत."

बाप्ये विचारात पडले. घरजावई? दत्तक? कुणीतरी म्हणालं, "चोरून नेला असंल." बायका आता पदराआड नव्हत्या, उघडउघड ओठ चावत होत्या.

तेवढ्यात तुळसा पुढे आली. भिंतीच्या जोत्यावर चढली, निशाणदाराच्या शेजारी उभी राहिली आणि एक पाय पुढे टाकला. तिचं पाऊल, त्याचं पाऊल. तिचं जोडवं, त्याचं जोडवं. मग तिने हनुवटी वर केली. खळी होती.

रावजीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. पुन्हा भिंतीकडे. "ह्यां काय?" तो कसंबसं म्हणाला.

"मी," तुळसा म्हणाली. "आनि ता पागोटां मामांजींचां. तुमी मुंबईत व्हतांव."

त्यानंतर देवळात जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. बाप्ये उठून आपापल्या पूर्वजांकडे धावले. "म्हंजे तो तोफेवरचा आमचा खापरपणजा..." "ती तुजी मावशी रे, मेल्या!" "आनि ह्यो मुसळवाला?" येसूबाई, वय सत्तरीपार, तोंडात दात नाही, खांबाला धरून उठली आणि म्हणाली, "ती मी. आता कशाला बगतोस डोळं फाडून? त्याच मुसळान् तुज्यासाटी भात कांडलंय." तिचा मुलगा, जो गेली दहा वर्षं त्या मुसळवाल्या वीराचं वर्णन पाहुण्यांपुढे करत असे, तो मटकन खाली बसला.

आणि मग गंमत बघा. ज्या निशाणदारासाठी दोन वर्षं डोकी फुटायची बाकी होती, तो एकदम कुणालाच नकोसा झाला. श्रीपती म्हणाला, "लग्न झाल्यावर मुलगी तिकडचीच. निशाणदार तुमचाच, भावोजी." दोन वर्षांत पहिल्यांदा भावोजी! रावजी म्हणाला, "छे छे, रक्त तुमचां. आमी कोन? आमचां नुसतां पागोटां." दोघेही घामाघूम झाले होते. शेवटी रावजीचं डोकं फिरलं. साऱ्या पंचक्रोशीत हसं होणार, नाटेपासून दाभोळपर्यंत लोक म्हणणार वाघखोलचे वीर भात कांडतात. तो ओरडला, "रघू! बगतोस काय! मार चुना!"

रघू उठला. रघू सांगितल्या कामाचा माणूस, त्याने कुंचला पिंपात बुडवला आणि निथळत निथळत भिंतीकडे निघाला. बायका सरसर पुढे झाल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, जी ती आपल्याच चित्रापुढे. येसूबाईला दोघींनी धरून तिच्या मुसळापाशी उभी केली.

ओळीत एकच जागा मोकळी राहिली. रणशिंग फुंकणाऱ्याच्या समोर कुणीच नव्हतं. रघूला ती मोकळी जागा सापडली, तिथूनच सुरुवात करावी म्हणून त्याने कुंचला उचलला आणि समोर पाहिलं.

फुगवलेले गाल. धुराने मिटत आलेले डोळे. कपाळावर आलेली एक बट, जी मिशी रंगवताना मास्तरांनी तशीच ठेवली होती.

"आये," रघू म्हणाला.

कुंचल्यातून चुना त्याच्या पायावर ठिबकत राहिला. "रोज सकाळी अशीच बसायची," तो कुणाला तरी सांगत होता, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. "ओली लाकडां पेटायची न्हायत. मी झोपून बगायचो." मग तो वळला, पिंपापर्यंत गेला, कुंचला आत ठेवला आणि पिंपावर झाकण घातलं. "मी न्हाय मारनार," तो रावजीला म्हणाला. "तुमाला मारायचा तर तुमी मारा. पन आदी माला बाजूला करा."

रावजी काय मारणार! त्याच्या बायकोने कंबरेवर हात ठेवले होते, आणि तो तिला भिंतीवरच्या निशाणदारापेक्षा जास्त घाबरत होता. सुमेधा तिथेच जोत्यावर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. येसूबाईने तिच्या डोक्यावर हात फिरवला. "तुजा बापूस लई गोड मानूस, बाय. टोपीकर कराया कोन मिळंना म्हनून सोताची मिशी भादरलीन्. आनि पळायचा बी झॅक."

शिमग्याला पालखी निघायची वेळ आली. पहिला खांदा कुणाचा यावर रावजी आणि श्रीपती आता 'तुमी घ्या', 'न्हाय, तुमी घ्या' असं भांडत होते, तेव्हा तुळसाने निकाल दिला की खांदा कुणीही द्या, पालखी आधी माझ्या अंगणात आणा आणि मग माझ्या माहेरी, दोन्हीकडे ओटी मीच भरणार. ते सगळ्यांना पटलं, कारण पटलं नसतं तरी चाललं नसतं.

सुमेधा मुद्दाम रजा काढून आली होती. पालखी उचलण्याआधी गावाने भिंतीपुढे जाऊन निशाणदाराला हात जोडायचे, ही जवळजवळ तीस वर्षांची वहिवाट. सगळे गेले, आणि सगळे अडले. रावजी सर्वांत पुढे होता. त्याचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्याने हळूच मागे पाहिलं. नऊवारी नेसलेली, ओटीचं ताट हातात घेतलेली तुळसा मागेच उभी होती.

"जोडा की," ती म्हणाली. "इतकी वर्सां जोडतायसाच, आता कसली लाज!"

रावजीने हात जोडले. शेजारी श्रीपतीने जोडले, आणि त्याने तर वाकून भिंतीवरच्या पायालाही हात लावला, थोरली बहीण होती शेवटी. आणि या खेपेला बायका पदराआड हसल्या नाहीत. देवळाचा मंडप दणाणून जाईल इतक्या मोठ्याने हसल्या, आणि भिंतीवरचे सगळे डावखुरे टोपीकर मिशी उतरवून पळत राहिले.